मासा लागो न लागो, निधी जमला पाहिजे: इंग्लंडमध्ये कार्पचा धर्मादाय वीकेंड भरवायचा तर

शुक्रवारी दुपारी सुरुवात, रविवारी दुपारी समारोप. एक तळं, काठाने वीस-चोवीस हिरवे तंबू, प्रत्येक तंबूसमोर पाण्यात सोडलेले दोन गळ, आणि गाड्या लावायच्या जागेजवळ एका गझिबोखाली चहा, रॅफलची (तिकिटं विकून बक्षिसांची सोडत) तिकिटं आणि देणगीची बादली. इंग्लंडमधले कार्प अँगलर, म्हणजे कार्प हा गोड्या पाण्यातला मोठा मासा गळाने पकडणारे हौशी लोक, अशा वीकेंडला जमतात, आणि जमलेले पैसे एखाद्या हॉस्पिसला (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेला), एअर अॅम्ब्युलन्सला किंवा मुलांच्या रुग्णालयाला जातात. इथल्या एअर अॅम्ब्युलन्स सेवा मुख्यतः देणग्यांवर उडतात आणि हॉस्पिसांनाही सरकारकडून मिळतात त्याहून बरेच जास्त पैसे स्वतः उभे करावे लागतात. तेव्हा ही नुसती हौस नाही, त्या पैशाने खरंच काहीतरी चालतं.

आपल्यातले जे कोणी इथल्या क्लबांत रमलेत आणि यंदा आयोजनाची जबाबदारी अंगावर घ्यायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: या वीकेंडचा एकही पौंड माशावर अवलंबून ठेवू नका. कार्प लहरी. दोन दिवस बसून काहीही न लागणं यात कुणाला नवल वाटत नाही. तरीही दरवर्षी कुणीतरी हौसेने सुचवतं, ‘आपण स्पॉन्सर शोधू, पकडलेल्या दर पौंड वजनामागे एक पौंड देणगी!’ ऐकायला झकास. पण उत्तरेचा वारा सुटला, पाणी गार पडलं की तळं मुकं होतं आणि तुमची बादलीही. शिवाय वजनावर पैसे लावले की माणसं मासा लवकर सोडायला तयार होत नाहीत, पुन्हा पुन्हा वजन करा म्हणतात, थकलेल्या माशाला उगाच ताटकळत ठेवतात. म्हणून पैसा माणसांच्या रिकाम्या वेळातून काढायचा, आणि तो वेळ तुमच्याकडे भरपूर असतो.

संस्था, तळं आणि तारीख

किमान सहा महिने आधी सुरुवात करा. संस्था कुठली ते ठरलं की चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नोंदवहीत तिचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदवही ऑनलाइन आहे, दोन मिनिटांचं काम. मग संस्थेच्या निधी विभागाला पत्र पाठवा: आम्ही तुमच्यासाठी अमुक तारखेला अमुक करतोय, परवानगीचं पत्र द्या. बहुतेक संस्था पत्राबरोबर सीलबंद बादल्या, बॅनर आणि टी-शर्टही देतात. हे पत्र हातात असलं की दुकानदारांकडे बक्षिसं मागायला गेल्यावर तुमच्याकडे कुणी संशयाने बघत नाही. एखाद्या मित्राच्या आजारी मुलासाठी थेट पैसे गोळा करायचे असतील तर तेही करता येतं, पण मग पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि जास्त जमले तर उरलेल्याचं काय, हे आधी लेखी ठरवा. नंतरची कटकट नेहमी इथूनच सुरू होते.

तळं निवडताना मोठ्या नावांचा मोह आवरा. चाळीस पौंड वजनाचे कार्प असलेली, पण महिन्याला एखाद-दुसरा मासा देणारी तळी बड्या शिकाऱ्यांसाठी ठीक. तुम्हाला हवंय ते दहा ते वीस पौंडांच्या भरपूर माशांचं तळं, जिथं शिकाऊ पोराच्याही अलार्मने (गळाला मासा लागला की वाजतो तो) रात्रीत एकदा तरी ओरडावं. त्यापलीकडे बघायचं ते असं: स्वच्छतागृह, चाकांच्या ढकलगाडीने सामान नेता येईल अशी पायवाट, गाड्यांजवळच्या दोन-तीन जागा वयस्कर आणि अपंग मंडळींसाठी, आणि मोबाईलची रेंज. रेंज नसली तर कार्डाचं मशीन चालत नाही, आणि हल्ली नोटा घेऊन कोण येतं? मालकाकडे पूर्ण तळं भाड्याने मागा. चांगल्या कामासाठी म्हटल्यावर काही जण अर्ध्या भाड्यात देतात, क्वचित फुकटही. पण ‘बघू या’ याला होकार समजू नका. तारीख, माणसं आणि रक्कम ईमेलवर घ्या.

तारखेचं म्हणाल तर माझं मत सप्टेंबरच्या मध्याला. मेअखेर ते जून या दिवसांत पाणी तापलं की कार्प काठच्या लव्हाळ्यात अंडी घालायला येतात आणि त्या काळात शहाणा मालक तळं बंदच ठेवतो. तुमचं बुकिंग असलं तरी. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात पाण्यातला प्राणवायू कमी होतो, पकडलेला मासा सावरायला वेळ घेतो, वर निळ्या-हिरव्या शेवाळाची भीती. सप्टेंबरमध्ये मासे हिवाळ्यापूर्वीची चरबी साठवायला खातात, डास कमी झालेले असतात, आणि काळोख साडेसातच्या आसपास पडतो, म्हणजे लोक वेळेवर तंबूत जातात. दुसरा पर्याय एप्रिलअखेरचा. नद्यांना लागू असलेली १५ मार्च ते १५ जूनची बंदी बहुतेक तळ्यांना नसते, पण काही संरक्षित तळ्यांना असते. मालकाला विचारून घ्या. आणि आपल्या लोकांना बोलवायचं असेल तर आधी कालनिर्णय उघडा. गणपतीच्या शनिवार-रविवारी मराठी माणूस तळ्यावर येणार नाही, तो मंडळाच्या आरतीला असणार.

कागदपत्रं, म्हणजे कंटाळवाणं पण टाळता न येणारं

रॉड लायसन्स: इंग्लंडमध्ये १३ आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं लायसन्स लागतं. १३ ते १६ वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण काढावं लागतंच. नसेल तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि अधिकारी अशा गर्दीच्या वीकेंडला फेरी मारतात. नवख्या पाहुण्याने ‘जरा धरून बघतो’ म्हणत रॉड हातात घेतला तरी तो मासे पकडतोय असंच धरलं जातं. एक दिवसाचं आणि आठ दिवसांचंही लायसन्स मिळतं, ते आदल्या रात्री फोनवरून काढायला सांगा. नोंदणीच्या फॉर्मातच लायसन्स क्रमांकाची ओळ ठेवा.

रॅफल हा जुगाराच्या कायद्यात येतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. २००५च्या गॅम्बलिंग अॅक्टप्रमाणे कार्यक्रमाच्या जागीच, कार्यक्रमादरम्यानच तिकिटं विकली तर कसलंही लायसन्स लागत नाही. मात्र जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा आणि खर्चावर १०० पौंडांपेक्षा जास्त वापरता येत नाही. दान मिळालेली बक्षिसं या हिशोबात धरत नाहीत, म्हणून बक्षिसं मागून आणायची, विकत घ्यायची नाहीत. आता महिनाभर आधीपासून व्हॉट्सअॅपवर तिकिटं विकायची असतील तर तो मामला वेगळा: त्यासाठी संस्थेच्या किंवा क्लबच्या नावाने स्थानिक कौन्सिलकडे छोट्या लॉटरीची नोंदणी करावी लागते. पहिल्या वर्षी ४० पौंड, पुढे दरवर्षी २०. माझा सल्ला, पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका.

बिअर विकणार असाल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस (कौन्सिलला द्यायची तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना), फी २१ पौंड, आणि कामाचे किमान १० दिवस आधी. लोकांनी आपापली आणली तर काही लागत नाही, आणि तेच बरं. सार्वजनिक दायित्वाचा विमा तळ्याच्या मालकाचा आहे का, आणि तो तुमच्या कार्यक्रमाला लागू होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. तुमचा क्लब अँगलिंग ट्रस्टचा, म्हणजे अँगलरांच्या राष्ट्रीय संघटनेचा, सभासद असेल तर क्लबचा विमा कुठवर चालतो ते पाहा.

गिफ्ट एडबद्दलही गोंधळ असतो. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने दिलेल्या निखळ देणगीवर सरकार संस्थेला दर पौंडामागे २५ पेन्स वर देतं. पण प्रवेशशुल्क आणि रॅफल तिकीट म्हणजे देणगी नव्हे, त्यावर हे मिळत नाही. म्हणून ऑनलाइन देणगीचं पान वेगळं ठेवा, त्याचा क्यूआर कोड छापून प्रत्येक तंबूच्या जागी खुंटाला लावा. दोन दिवस बसलेला माणूस कधीतरी फोन काढतोच.

पैसा कुठून येतो

उदाहरणादाखल हिशोब धरू. चोवीस माणसं, प्रत्येकी ६० पौंड, म्हणजे १,४४० पौंड. यातून तळ्याचं भाडं जातं. भाडं ७०० असेल तर मासा लागण्याआधी, किंबहुना शुक्रवार उजाडण्याआधी, ७४० पौंड संस्थेच्या नावावर जमा. हे पैसे बुकिंगच्या वेळीच पूर्ण घ्या. ‘तळ्यावर देतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे हवामानाचा अंदाज बघून गळतात.

रॅफलसाठी जवळच्या टॅकल (मासेमारीच्या सामानाच्या) दुकानांना आणि आमिषं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना पत्र पाठवा. मोठ्या कंपन्यांकडे अशा पत्रांचा ढीग पडलेला असतो. गावातला दुकानदार मात्र पाच किलो बॉयली (उकडलेल्या पिठाच्या आमिषगोळ्या) हसत देतो, कारण ते चोवीसजण त्याचे गिऱ्हाईक आहेत. आलेल्या वस्तूंत उगाच पन्नास बारीकसारीक बक्षिसं करू नका. दहा चांगली बांधा. हुकाच्या पाकिटासाठी कुणी तिसरं तिकीट घेत नाही.

लिलाव ही मात्र खरी दुभती गाय. आणि लिलावात वस्तूंपेक्षा संधी विकल्या जातात. इंग्लंडमध्ये कित्येक तळी खासगी सिंडिकेटच्या, म्हणजे मोजक्या सभासदांच्या गटांच्या, ताब्यात आहेत आणि त्यांच्या सभासदत्वासाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. अशा एखाद्या सिंडिकेटने ‘पाहुणा म्हणून एक रात्र’ दिली तर लोक अक्षरशः चढाओढ करतात. एखाद्या मुरलेल्या अँगलरबरोबर एक दिवस, हाताने बनवलेले फ्लोट, जुनी मासिकं, पुरातन रीळ. असे पाच-सहा लॉट पुरे. देणाऱ्यालाही विशेष खर्च नसतो.

नियमपत्रक आणि मासा

इथं कार्प खायला पकडत नाहीत. वजन, फोटो आणि परत पाण्यात. गेल्या खेपेस एका मित्राचे काका पुण्याहून आले होते, वीस पौंडी कार्प परत सोडताना पाहून कळवळून म्हणाले, ‘अरे, निदान शेपटीकडचा तुकडा तरी ठेव!’ उजनीच्या काठी सायप्रिनसचं (तिकडे कार्पला म्हणतात ते) कालवण ओरपलेल्या माणसाला हे पटणं अवघडच. पण पाहुण्यांना आधीच समजावून सांगा. मालकाच्या परवानगीशिवाय मासा नेणं हा इथं चोरीचा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हेच मासे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पकडले जातात; काहींना नावं असतात. रिचर्ड वॉकर या इंग्लिश अँगलरने सप्टेंबर १९५२मध्ये रेडमायर पूल या तळ्यात ४४ पौंडांचा कार्प पकडला, तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. त्या माशाला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवलं आणि तिथं ती ‘क्लॅरिसा’ म्हणून प्रसिद्ध झाली. कार्प पकडणाऱ्यांचं माशाशी नातं असं आहे.

म्हणून नियमपत्रक एका पानाचं, पण कडक हवं. उलटा दात नसलेले हुक. किमान १५ पौंडांचा ताण सोसणारी दोरी. शिसाचं वजन क्लिपवर, म्हणजे दोरी तुटली तर वजन सुटून पडेल आणि मासा ते ओढत फिरणार नाही. ४२ इंची जाळं, मासा ठेवायला काठ असलेली जाड गादी, ती ओली करायला बादली. माणशी दोन रॉड. टायगर नट (आमिष म्हणून वापरतात ते छोटे कंद) वापरायचे तर चोवीस तास भिजवून, अर्धा तास उकळलेलेच. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले माशाच्या पोटात त्रास देतात. नवख्यांना हेअर रिग आदल्या दिवशीच बांधून द्या: आमिष हुकावर न टोचता हुकाखाली लोंबत्या बारीक दोऱ्यावर ओवायचं, कार्प ते शोषून घेतो, संशय येऊन थुंकतो, आणि मोकळा हुक ओठात बसतो. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांची ही युक्ती आली आणि कार्प पकडण्याचा खेळच बदलला.

जाळी आणि गाद्या कोरड्या आणायला सांगा. कार्पचा जीव घेणाऱ्या कोई हर्पीस विषाणूला औषध नाही. पाणी १६ ते २८ अंशांत असताना तो उसळतो, आणि एकदा तळ्यात निघाला की ते कायद्याने कळवावं लागतं, तिथल्या माशांची ने-आण बंद होते, मालकाचा धंदा बसतो. एका तळ्याच्या ओल्या जाळ्यातून तो दुसऱ्यात जाऊ शकतो. दारातच औषधाची टाकी असेल तर प्रत्येकाचं जाळं त्यात बुडवूनच आत सोडा, अगदी तुमच्या अध्यक्षांचंही. राग आला तरी येऊ द्या.

वजन करायला दोनच माणसं नेमा आणि त्यांचा नंबर सगळ्यांकडे द्या. पहाटे तीनला फोन आला की काय घडतं ते सांगतो, म्हणजे त्यांना काय शिकवायचं ते कळेल. अलार्म किंचाळलेला, लाल दिवा, अँगलर झोपेतून बूट अर्धे घालून धावलेला. मासा जाळ्यात आला की जाळं पाण्यातच ठेवायचं. घाई नाही, तो तिथं श्वास घेतोय. तेवढ्यात एकाने गादी ओली करायची, वजनाची पिशवी ओली करून तराजूला टांगायची आणि तराजू शून्यावर आणायचा. हे आधी झालं नाही की मासा उघड्यावर वाट बघत राहतो. मग मासा वर. हेडलॅम्पच्या उजेडात त्याचं तोंड नळीसारखं पुढे येतं, कडेला दोन्ही बाजूंनी मिशांची जोडी, पोटाकडे पिवळट नारिंगी झाक, मिरर जातीचा कार्प असेल तर पाठीवर चारदोनच मोठे खवले. हुक बोटांनी किंवा चिमट्याने उलट ढकलून काढायचा, जखमेवर अँटिसेप्टिक. पिशवीत घालून वजन: समजा २२ पौंड ६ औंस, म्हणजे दहा किलोंच्या वर थोडं. फोटो गुडघ्यावर बसून, गादीच्या वर, जमिनीपासून वीतभर उंचीवर. उभं राहून छातीशी धरलेल्या माशाने एक हिसडा दिला की संपलं. मधूनमधून अंगावर पाणी. मग त्याच पिशवीतून पाण्यात, शेपूट आपणहून हलेपर्यंत आधार देऊन. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. आकडा लगेच वहीत, दोघांच्या सह्यांनी.

जागांची सोडत

कार्प तळ्यात सारखे पसरलेले नसतात. दोन दिवस नैऋत्येचा उबदार वारा वाहिला की ते वारा जिकडे वाहतो त्या टोकाला जमतात, आणि तिथं बसलेल्या चौघांना सगळं मिळतं. त्यामुळे भांडण व्हायचं तर सोडतीवरूनच होतं. पिशवीतून थेट जागेचा आकडा काढायला लावू नका. आधी क्रमाची सोडत काढा: ज्याला एक नंबर आला तो पहिला जागा निवडेल. निवडीसाठी तासभर द्या, लोकांना तळ्याभोवती फेरी मारू द्या. पाण्यातून उडी मारणारा मासा कुठं दिसतो ते बघण्यातच अर्धी गंमत आहे. ज्याला शेवटचा नंबर आला त्याला निदान ‘मला निवडीत संधीच नव्हती’ असं म्हणता येत नाही. मुलं आणि अपंग सभासदांच्या गाडीजवळच्या जागा सोडतीतून आधीच बाजूला काढलेल्या असाव्यात.

बक्षिसांतही एकूण वजनाला सगळं देऊ नका. सगळ्यात मोठा मासा, पहिला मासा, सोळा वर्षांखालच्यांचा सर्वोत्तम मासा, आणि काहीच न लागलेल्यांतून चिठ्ठी काढून एक. हे शेवटचं बक्षीस सगळ्यात लोकप्रिय ठरतं.

शनिवारची दुपार

या वीकेंडचा निम्मा निधी शनिवारी दुपारी दोन ते पाचमध्ये जमतो, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

नवा आयोजक लिलाव संध्याकाळी सातला ठेवतो, कारण जेवणाची वेळ आणि दिव्यांची रोषणाई. आणि निम्मी माणसं येतच नाहीत. कारण साधं आहे: संधिप्रकाश ही कार्प चरायला निघण्याची उत्तम वेळ, तेव्हा रॉड सोडून कुणी येणार नाही. आणि यायचं तर रॉड पाण्यात तसाच टाकून येता येत नाही, आमिष लावलेला रॉड बेवारस ठेवणं नियमाबाहेर आहे. उलट दुपारी दोनला ऊन टोपीवर, पाण्यावर हालचाल शून्य, लोक खुर्चीत पेंगत असतात. म्हणून नियमपत्रकातच छापा: शनिवारी २ ते ५ सगळ्यांचे गळ बाहेर. सगळ्यांचे, म्हणजे कुणाचा तोटा नाही. शिट्टी वाजली की सगळे आपोआप गझिबोकडे चालू लागतात, मासेही तीन तास निवांत, आणि पाचला गळ पुन्हा पडले की संध्याकाळचा मोसम ताजा.

त्या तीन तासांत क्रम असा ठेवा. दोनला जेवण. अडीचला रॅफलची तिकिटं टेबलाटेबलावर फिरवायची. एका जागी विकायला बसलं की निम्मी विकली जातात. तिकिटं फिरवायला मुलं पाठवा, मुलांना नाही म्हणणं मोठ्यांना जड जातं. तीनच्या सुमारास संस्थेचा माणूस पाच मिनिटं बोलेल. पाचच, वीस मिनिटांची स्लाइड नको. एखादी नर्स किंवा पॅरामेडिक आली तर उत्तम. त्यानंतर लगेच लिलाव, लोकांचं मन भरलेलं असताना. लिलाव पुकारायला क्लबातला सगळ्यात वात्रट माणूस उभा करा. सगळ्यात चांगला लॉट शेवटी ठेवू नका, शेवटून दुसरा ठेवा; हुकलेल्या लोकांच्या हातात पैसे आणि खुमखुमी दोन्ही उरतात. साडेचारला रॅफलची सोडत, पाचला शिट्टी.

जेवणात आपला हात दाखवायला वाव आहे. इंग्लिश तळ्यावर बर्गर नेहमीचेच. गार वाऱ्यात गरम वडापाव ठेवला की रांग लागते आणि तीन पौंडांना एक सहज जातो. सारण आणि पीठ घरून, तळण मात्र उघड्या गझिबोखाली, वाऱ्याच्या आडोशाला, झाकण आणि अग्निरोधक चादर हाताशी. एक गंभीर गोष्ट: सुक्या लाल चटणीत शेंगदाणे असतात, आणि इथं शेंगदाण्याची जीवघेणी अॅलर्जी असलेली माणसं भेटतात. चटणी बिनशेंगदाण्याची करा किंवा वेगळ्या डब्यात वेगळ्या चमच्याने, पाटीवर ठळक अक्षरांत लिहून. पावात ग्लुटेन, बटरमध्ये दूध, तेही लिहा. तिखट मिरच्यांचं मात्र पाटीवर लिहायची गरज नाही, ते पहिल्या घासातच सगळ्यांना कळतं.

रात्र

शुक्रवारी सगळे जमले की एक सूचना मोठ्याने आणि दोनदा द्या: तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी, बार्बेक्यू काही पेटवायचं नाही, विझत आलेलं बार्बेक्यूही उबेसाठी आत घ्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यात अँगलर दगावलेत, गारठलेल्या रात्री, झोपेतच. पोरं एकटी तंबूत असतील तर कुणीतरी मोठ्या माणसाने रात्री दहाला फेरी मारावी.

दुसरं, विजेच्या तारा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, त्यामुळे डोक्यावरून तारा जात असतील तर ३० मीटरच्या आत गळ टाकायचा नाही. अशा जागा सोडतीतून काढून टाका. गडगडाट सुरू झाला की सगळे रॉड खाली. तिसरं, लेप्टो. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या आजाराची भीती असते तोच इथंही उंदरांच्या मुतातून तळ्याकाठी येतो. हाताला कापलं असेल तर पट्टी, आणि सँडविच हातात घेण्यापूर्वी हात धुणं. वडापावच्या टेबलाजवळ पाण्याचं पिंप आणि साबण ठेवा, वेगळं सांगावं लागत नाही.

गेटचा पोस्टकोड, आतला रस्ता आणि प्रत्येक जागेचा नंबर दाखवणारा नकाशा छापून प्रत्येकाला द्या. पहाटे चारला अॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर ‘तळ्याच्या पलीकडे, झाडाखाली’ असं सांगून भागत नाही. फाटकाची किल्ली कुणाकडे आहे हे दोघांना तरी माहीत हवं.

रविवार आणि पुढचे दिवस

सकाळी अकराला गळ बाहेर, बाराला बक्षिसं. लोकांना लांबचा प्रवास असतो, भाषणं शनिवारी झाली आहेत. रविवारी सगळं कमीत कमी.

पैसे दोघांनी मिळून मोजायचे, मोजताना तिसरा आसपास असला तर चांगलंच. सीलबंद बादल्या संस्थेनेच उघडायच्या असतील तर तशाच न्या. कार्डाच्या मशीनवर आलेली रक्कम, रोख, लिलाव, रॅफल, शुल्क, असे वेगळे आकडे लिहा. त्यातून वजा केलेला प्रत्येक खर्च बिलासह. तळ्याचं भाडं वजा केलंय तर ते स्पष्ट लिहा. ‘सगळे पैसे संस्थेला’ असं पत्रकात छापलं असेल तर मात्र खर्च दुसरीकडून भरावा लागेल, म्हणून छापताना विचार करा. रक्कम आठवड्याभरात संस्थेच्या खात्यात आणि पावती सगळ्यांना. लिलावातल्या ज्या लॉटचे पैसे आले नाहीत त्यांची यादी वेगळी ठेवा आणि सोमवारीच फोन करा. महिन्यानंतर त्यांची आठवण अंधूक होते.

बक्षिसं देणाऱ्या दुकानदारांना नाव घेऊन आभाराचं पत्र, त्यांच्या वस्तूला किती मिळाले तेही लिहून. पुढच्या वर्षी तोच माणूस दुप्पट देतो. तळं सोडण्यापूर्वी काठाने एक फेरी, दोरीचे तुकडे आणि हुक उचलायला. बदकांच्या पायात अडकलेली दोरी हा इथल्या गावकऱ्यांचा अँगलरांवरचा जुना राग आहे आणि तो खोटा नाही. तळ्याचा मालक तिथं असेल तर पुढच्या सप्टेंबरची तारीख त्याच्या डायरीत तेव्हाच लिहून घ्या. चांगली तळी नाताळपर्यंत भरतात.